तळ्यावर गळ टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जाळ्याच्या मासेमारीचं नाही. एक काठी, एक दोरा, एक गळ आणि साठलेलं गोडं पाणी, एवढ्यापुरतंच आहे. नव्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘रॉड कुठला घेऊ?’ असा असतो. तो मुद्दाम खाली ढकलला आहे. भारी रॉड घेऊन रिकाम्या पाण्यापुढे बसलेले लोक मी भरपूर पाहिलेत. काही वर्षं त्यांच्यात मीही होतो.

तळ्यावर पोचल्यावर गळ नेमका कुठे टाकायचा?

पोचल्या पोचल्या कुठेच टाकू नका. पंधरा मिनिटं नुसतं पाणी बघा. एवढ्या वेळात पाणी बरंच काही सांगतं.

बुडबुड्यांची रांग हळूहळू पुढे सरकत असेल, तर खाली एखादा मासा चिखल उकरत चाललाय. एकाच जागी थांबून थांबून येणारे बुडबुडे बहुधा कुजलेल्या पाल्याच्या वायूचे असतात, त्यांच्यामागे लागू नका. वारा नसताना दोनच लव्हाळी थरथरली, तर त्यांच्या बुंध्याशी कुणीतरी तोंड घासतंय. बोटभर माशांचा थवा सर आल्यासारखा एकदम पाण्याबाहेर उसळला, तर त्यांच्या खाली शिकारी मासा आहे. निवळ पाण्यात मध्येच एक गढूळ डाग दिसला, तर तळाशी चरणारा कळप तिथे जेवतोय.

काहीच दिसलं नाही तर जागेच्या तर्काने जा. ओढा तळ्यात जिथे उतरतो ते तोंड, बुडालेलं झाड, पाणवनस्पतींच्या पट्ट्याची कड, उथळाचं एकदम खोल होतं ती पायरी, पाण्यावर झुकलेल्या फांदीची सावली. माशाला दोनच गोष्टी हव्या असतात, खाणं आणि लपायला आडोसा. दोन्ही जिथे शेजारी शेजारी असतील तिथे तो असतो. म्हणून मोकळ्या, सपाट, एकसारख्या पाण्याच्या मधोमध ताकद लावून गळ फेकण्यात फारसा अर्थ नसतो. किडे, गोगलगायी, पडलेली फळं, कोवळं शेवाळ हे सगळं काठालगत असतं. मी एकदा अख्खी सकाळ तळ्याच्या मध्यावर गळ भिरकावत होतो आणि निघताना पाय धुवायला वाकलो तर दोन हातांवरून एक दांडगा कार्प दचकून पळाला. तो बहुधा सकाळपासून तिथेच असावा.

वाऱ्याचंही बघा. एकाच दिशेने काही तास वारा वाहिला की पृष्ठभागावरचं पाणी, त्यातलं सूक्ष्म खाद्य आणि पडलेले किडे समोरच्या काठाकडे ढकलले जातात. त्यांच्यामागे छोटे मासे जातात आणि छोट्यांमागे मोठे. तोंडावर वारा घेऊन गळ टाकणं त्रासाचं असतं, म्हणून सगळे वाऱ्याला पाठ करून बसतात. मासे असतात पलीकडे.

उन्हाळ्यात मासे तळाशी गारव्याला जातात ना?

उथळ तळ्यात सावलीला जातात. खोल तलावात मात्र हा तर्क फसवतो. वरचं तापलेलं पाणी हलकं असतं, तळाचं गार पाणी जड, आणि मधे दोघांना वेगळं ठेवणारा पातळ थर तयार होतो. खाली कुजण्याची क्रिया चालू राहते, वरून ताजा प्राणवायू पोचत नाही, आणि तळ गार पण गुदमरवणारा होतो. अशा दिवसांत गळ अगदी तळाला टेकवण्यापेक्षा मधल्या थराच्या थोडा वर ठेवावा.

कोणत्या वेळी जावं?

पहाट आणि संध्याकाळ, हे सर्वांना ठाऊक असलेलं उत्तर बऱ्याच अंशी खरं आहे. उजेड कमी असला की मासे उथळाला यायचं धाडस करतात. पण त्यामागे प्राणवायूचाही हिशेब आहे आणि तो समजला की अपवादही समजतात. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे पाणी तापलं की माशाच्या शरीराची मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. दुपारी त्याने तोंड न उघडणं साहजिकच आहे.

आता अपवाद. हिरव्यागार, शेवाळाने दाटलेल्या तळ्यात वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्रभर तोच वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी तिथे प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा तळ्यावर भल्या पहाटे जाऊन उपयोग नसतो, ऊन थोडं वर आल्यावर जा. पहाटे बरेच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले, तर ते भुकेले नाहीत, गुदमरलेले आहेत. त्या दिवशी गळ टाकूच नये. मरळ मात्र मुळातच वर येऊन हवा घेते, तिचं तसं वर येणं हा तिचा रोजचा श्वास आहे.

हवेचा दाब आणि चंद्राच्या तिथीचं काय?

दाबाबद्दल मी एक साधा हिशेब मांडतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला, तर तो साधारण १ सेंटिमीटर पाण्याइतका फरक असतो. वादळी हवेत दाब १० हेक्टोपास्कलने उतरला, तर माशाला जाणवणारा बदल तो वीतभरापेक्षाही कमी वर आल्यावर जाणवतो तेवढाच. मासा दिवसभरात असा शंभरदा वरखाली करतो. त्यामुळे दाब उतरला म्हणून मासे खातात, यापेक्षा ढग आले, उजेड कमी झाला, वाऱ्याने पाण्यावर लहरी उठल्या म्हणून खातात, हे मला जास्त पटतं. चंद्राचे तक्ते बघायला माझी हरकत नाही, पण अमावास्या म्हणून घरी बसू नका.

बोललं तर मासे पळतात का?

बोलल्याने नाही. पाय आपटल्याने पळतात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळपास सगळा परत फिरतो. पण काठावरचा धप्पकन पडलेला डबा, बुटांचा दणका, होडीच्या तळाशी सरकवलेली पेटी यांचा हादरा थेट पाण्यात उतरतो. माशाच्या दोन्ही अंगांवर हालचाल टिपणारी संवेदनांची रेघ असते. कार्प आणि मिशाळ माशांच्या कुळांत तर पोहण्याच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान इतर माशांपेक्षा तिखट असतात.

दिसण्याचं गणितही मजेशीर आहे. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाबून बसवलेलं दिसतं. तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. तुम्ही काठावर उभे असाल तर त्या खिडकीच्या कडेला उंच दिसता, खाली बसलात तर पार चपटे होता. म्हणून बसा, पाठीमागे झुडूप घ्या, आणि स्वतःची लांब सावली पाण्यावर पडू देऊ नका.

कोणता मासा पाण्याच्या कोणत्या थरात सापडतो?

माशाचं तोंड बघा, थर त्यावरून कळतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, म्हणून त्याच्यापुढे तळाला गांडूळ ठेवून काही होत नाही. त्याला पाण्यात हळूहळू विरघळत पसरणारा बारीक पिठाचा गोळा मधल्या-वरच्या थरात लटकवून द्यावा लागतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं असतं, तो तळाशी. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात. तो चिखल तोंडात घेतो, चाळतो, थुंकतो. बुडबुड्यांची ती सरकती रांग बहुतेक वेळा त्याचीच.

मिशाळ मासे अंधारात आणि गढूळ पाण्यात मिशांनी चव घेत फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी वासाचं आमिष. मरळ शिकारी आहे, वनस्पतींच्या कडेला दबा धरून बसते. तिला हलणारं काहीतरी हवं. मरळीबद्दल एक विनंती. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा गोळा घुटमळताना दिसला, तर खाली आई-बाप राखणीला असतात आणि ते जवळ आलेल्या कशावरही झेपावतात. त्या वेळी त्यांना पकडणं फार सोपं असतं. तरी पकडू नका. राखणदार गेला की पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही.

तिलापिया कुठेही, कशावरही लागते. कधी हातात घेतल्यावर तिच्या तोंडातून इवलाली पिल्लं बाहेर पडली तर घाबरू नका. कित्येक जातींत मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते.

ठीक आहे, आता सांगा. काठी कुठली?

सुरुवातीला दोन ते अडीच मीटरची, मध्यम लवचीक काठी आणि साधं स्पिनिंग रीळ. त्यात तीन-चार किलो ताकदीचं नायलॉन तंगूस, म्हणजे गळाचा दोरा. रिळाशिवायची लांब सरळ काठी घेतली तरी छोट्या तळ्यावर ती बऱ्याचदा रिळाच्या काठीला भारी पडते, कारण आमिष अलगद, आवाज न करता, हव्या त्या भोकात ठेवता येतं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सुटू देणारा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. एवढं पुरे.

गळाचे नंबर उलटे का असतात?

तेवढं एक लक्षात ठेवायचं. १ पर्यंत उलटं चालतं, म्हणजे १६ नंबरचा गळ ८ नंबरपेक्षा लहान. १ नंतर १/०, २/०, ३/० असे आकडे येतात आणि तिथून गळ मोठा होत जातो. तळ्यावरच्या पहिल्या दिवसांसाठी ८ ते १२ मधला गळ घ्या. लहान गळावर मोठा मासा लागू शकतो, पण मोठा गळ लहान तोंडात जात नाही.

तंगूस सारखं तुटतं. जाड घेऊ का?

आधी गाठ बघा. तुटलेल्या टोकाला कुरळं वळण असेल तर गाठ सुटली आहे, सरळ तुटलं असेल तर ताकद कमी पडली किंवा कुठे घासलं गेलं. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमकुवत होतं. नायलॉन पाणी शोषतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतं, म्हणून ते दर हंगामाला बदलावं. फ्लुओरोकार्बनचं तंगूस पाण्यात कमी दिसतं कारण त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळ असतो, आणि ते जड असल्याने बुडतं. विणलेला दोरा बारीक असूनही फार मजबूत असतो, पण ताणला जात नाही, त्यामुळे माशाचा पहिला हिसका थेट गळावर आणि तुमच्या मनगटावर येतो.

आमिष कोणतं?

गांडूळ. निम्म्याहून जास्त दिवस हे उत्तर पुरतं. पूर्ण झाकून न टाकता शेपटी वळवळती ठेवा. पिठाचा गोळा लावणार असाल तर घट्ट मळा. फेकल्यावर सुटत असेल तर त्यात चिमूटभर कापसाचे तंतू मिसळा. उकडलेल्या मक्याचे दाणे कार्पासाठी चांगले, आणि ते छोटे मासे कुरतडत नाहीत. गळाचं टोक आमिषात पुरून टाकू नका, ते जरा उघडं राहू द्या.

जागेवर मासे जमवायला आधी थोडं खाद्य टाकतात. ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. ओंजळभर टाकलं की मासे जमतात, बादलीभर टाकलं की जेवून जातात, आणि उरलेलं कुजून पाण्यातला प्राणवायू खातं.

तरंगा हलतो, पण ओढलं की काहीच नाही. काय चुकतंय?

तरंगा म्हणजे तंगुसाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा. चूक बहुतेक वेळा दोनपैकी एक. छोटे मासे आमिषाच्या कडा टोचत असतात, तेव्हा तरंगा भराभर टिकटिक करतो. गळ आणि आमिष दोन्ही लहान करा किंवा मका लावा. नाहीतर तरंगा फार हलका तोललेला असतो. तो बोटभर पाण्याबाहेर उभा असेल तर माशाला तो खाली खेचताना अडथळा जाणवतो आणि तो आमिष थुंकतो. शिसाचे मणी वाढवून फक्त टोक दिसेल इतका बुडवा.

आणि तरंगा बुडण्याचीच वाट बघू नका. तळाशी चरणारा मासा आमिष तोंडात घेऊन वर होतो, तेव्हा शिसाचं वजन उचललं जातं आणि तरंगा पाण्यातून वर येऊन आडवा पडतो. नवखा माणूस त्याकडे ‘हे काय झालं’ म्हणून बघत राहतो. तोच क्षण असतो. मनगटाने हलका झटका पुरे. खांद्यापासून ओढलेली काठी गळासकट माशाचा ओठही बाहेर काढते.

तरंग्याखालची खोली मोजायला गळाला एक जड शिसं अडकवून टाकून बघा. तरंगा बुडाला तर अंतर कमी आहे, आडवा पडला तर जास्त. ही दोन मिनिटं लोक वाचवतात आणि मग दोन तास चुकीच्या खोलीवर बसतात.

लागलेला मासा सोडायचा असेल तर?

आधीपासून ठरवा, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसलेला गळ लावता येतो. किंवा असलेला काटा पकडीने दाबून टाका. हात ओले करूनच मासा धरा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हा त्याचा जंतूंपासूनचा बचाव असतो, कोरडा हात किंवा टॉवेल तो पुसून टाकतो. कल्ल्यात बोटं घालू नका, जबड्याने उभा लटकवू नका. फोटो काढायचा तर आधी कॅमेरा तयार ठेवा आणि मासा दहा सेकंदांच्या आत परत पाण्यात. सोडताना फेकायचं नाही. पाण्यात सरळ धरून ठेवायचं, तो स्वतःच शेपूट मारून जातो.

गळ घशात खोल गेला असेल तर उचकटू नका. तंगूस तोंडाजवळ कापा. गळ ओढून काढण्यापेक्षा आत ठेवून सोडलेले मासे जगण्याची शक्यता जास्त असते.

माशाला दुखतं का?

बहुधा हो. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतापेशी असल्याचं दाखवलं. त्यातून माशाला नेमकं काय ‘वाटतं’ याचा वाद अजून मिटलेला नाही, पण दुखत नाही असं गृहीत धरून वागायला मला आता जमत नाही. मासा विसरभोळा असतो ही समजूतही सोडून द्या. नेदरलँड्समध्ये १९७०च्या सुमाराच्या प्रयोगांत एकदा गळाला लागून सुटलेले कार्प पुढे दीर्घकाळ गळ टाळताना दिसले. सोडण्याबाबतही सगळीकडे एकमत नाही. जर्मनीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय यातना देणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे केवळ मजेसाठी पकडून सोडणं तिथे अडचणीचं ठरतं. माझा नियम असा: खायचा असेल तर लगेच डोक्यावर एक घाव घालून मारायचा, पिशवीत तडफडत ठेवायचा नाही. खायचा नसेल तर पाण्याबाहेर काढण्याचीही गरज नाही, पाण्यातच पकडीने गळ सोडवता येतो.

आमच्या जवळच्या तळ्यावर कुणी हटकत नाही. परवानगी कशाला?

कारण ते मासे बहुधा कुणाचे तरी असतात. रोहू, कटला, मृगळ हे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. बंद, स्थिर तळ्यात ते सहसा प्रजनन करत नाहीत. म्हणजे तुमच्या तळ्यात रोहू असेल, तर कुणीतरी पैसे देऊन बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणून सोडलेलं आहे. ते कुणाचं, हे आधी विचारा. पिण्याच्या पाण्याचे साठे, राखीव क्षेत्रं, प्रजननाच्या हंगामातली बंदी, किमान आकाराची अट यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते तळं सांभाळणाऱ्याकडून आधी समजून घ्या.

पकडलेला मासा खाल्ला तर चालेल?

पाणी बघून ठरवा. पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसत असेल तर तिथला मासा नको आणि कुत्र्यालाही ते पाणी पिऊ देऊ नका, निळ्या-हिरव्या शेवाळाची विषं असू शकतात. पारा अन्नसाखळीत वर साठत जातो, म्हणून जुना, मोठा शिकारी मासा वारंवार खाण्यापेक्षा मध्यम मासा बरा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा कधीच नाही, त्यात यकृतात जाणाऱ्या कृमींच्या अळ्या असू शकतात. आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापेल इतका शिजवा.

गळ बोटात घुसला तर?

उलटा काटा बाहेर असेल तर आल्या वाटेने मागे घ्या. काटा आत गेला असेल तर तंगूस कापा, गळ हलणार नाही असा बांधा आणि डॉक्टरकडे जा. डोळा, चेहरा किंवा सांध्याजवळ स्वतः हात लावायचा नाही. धनुर्वाताची सुई विचारा.

पावसात गळ टाकणं मजेचं असतं. धोका आहे का?

पावसाचा नाही, विजेचा. कार्बनची काठी वीज वाहून नेते आणि तुम्ही मोकळ्या काठावर ती आभाळाकडे धरून उभे असता. गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून आसऱ्याला जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. लांब काठी उभी नेताना डोक्यावरच्या विजेच्या तारांकडेही लक्ष हवं.

तुटलेलं तंगूस आणि उरलेलं आमिष तिथेच टाकलं तर?

तंगूस कुजत नाही. बगळ्याच्या पायात अडकलं की तो उपाशी मरतो. बारीक तुकडे करून घरी न्या. शिसाचे मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने याच कारणाने १९८७ मध्ये लहान शिसाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी घातली. टंगस्टन किंवा पोलादाचे मणी मिळतात, ते वापरा. एका तळ्यातले जिवंत मासे किंवा पाणी आमिष म्हणून दुसऱ्या तळ्यात ओतू नका, त्यासोबत रोग आणि नको त्या जाती जातात. घरातल्या काचपेटीतले मासेही तळ्यात सोडायचे नाहीत.

मुलांना कोणत्या वयापासून न्यावं?

स्वतःचा तरंगा स्वतः बघण्याइतकं मन लागतं तेव्हापासून. अंगात तरंगतं जाकीट, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर. त्या दिवशी तुमची काठी घरी ठेवा, दोन्ही जमत नाही. मोठ्या माशाच्या मागे लागू नका, बारीक गळ, छोटं गांडूळ आणि जिथे बोटभर मासे हमखास टोचतात तो काठ निवडा. पाऊण तासाने मूल पाण्यात दगड मारायला लागेल. मारू द्या, त्या वेळेपर्यंत बाकीचं सामान आवरून ठेवलेलं असलं म्हणजे झालं.